राखणदार नसेल, तर राखण कोणी करावी?

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या संस्थेचा प्रत्येक उत्सव सरस्वतीपूजनाने सुरू होतो, तिच्या शताब्दीच्या व्यासपीठावरून नास्तिकांविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु वाचनालयाच्या कपाटांकडे पाहिले म्हणजे हा संकोच दूर होतो. ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा ज्या भिंतीला लागून उभी असते, त्याच भिंतीला लागून पुढे आगरकरांचे निबंध आणि धर्मानंद कोसंबींचे ग्रंथही उभे असतात. त्यांच्यात मतभेद कितीही तीव्र असले, तरी एकाने दुसऱ्याला कपाटाबाहेर काढल्याचे उदाहरण नाही. ग्रंथालयाची ही सहिष्णुता गृहीत धरूनच प्रस्तुत विषयाची मांडणी करावयाची आहे.

देव, भूतपिशाच आणि मानवापलीकडची एखादी शक्ती यांविषयी नास्तिक नेमके काय मानतो, हा आजचा प्रश्न होय. ‘काहीच मानत नाही’ असे त्याचे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते सोपे आहे. पण पुरेसे नाही.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘नास्तिक’ हा शब्द पाणिनीच्या व्याकरणाइतका जुना आहे, आणि टीकाकारांनी त्याचा अर्थ परलोक नाही असे मानणारा, असा लावला. मनुस्मृतीने वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरविले. या दोन्ही अर्थांत ईश्वराचा प्रश्न मुख्य नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्यामुळे प्राचीन भारतात एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. वेदांना शिरोधार्य मानणारे, यज्ञकर्माचा कीस काढणारे मीमांसक हे आस्तिकांचे मुकुटमणी. परंतु जगाचा कर्ता असा कोणी ईश्वर त्यांनी मान्य केला नाही, आणि यज्ञातील देवतांना देह असतो हेही त्यांनी नाकारले. निरीश्वर सांख्यांना प्रकृती आणि पुरुष पुरेसे वाटले. जैनांनी देवलोक मान्य केला, जगाचा निर्माता मात्र अमान्य केला. याउलट चार्वाकाने परलोक, आत्मा आणि ईश्वर या तिन्हींना एकदमच निरोप दिला. डॉ. आ. ह. साळुंखे यांनी आपल्या ग्रंथाला ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असे नाव दिले, त्यामागे हाच शब्दच्छल उलटा करून दाखविण्याचा हेतू होता. तेव्हा नास्तिक म्हणजे एकाच साच्यातून निघालेली माणसे नव्हेत. देव नाहीच असे म्हणणारा निरीश्वरवादी वेगळा. देव आहे की नाही हे मनुष्याला कळणे शक्य नाही असे म्हणणारा अज्ञेयवादी वेगळा. आणि देव असला काय, नसला काय, आपल्या कर्तव्यात त्याने फरक पडत नाही असे मानणारा तिसरा. हा तिसरा संख्येने बहुधा सर्वांत मोठा. पण तो स्वतःला नास्तिक म्हणवून घेत नाही.

या बाबतीत बौद्धांची भूमिका फार मनोरंजक आहे. दीघनिकायातील केवट्टसुत्तात एक कथा येते. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही महाभूते निःशेष कोठे लय पावतात, असा प्रश्न एका भिक्षूला पडतो. तो एकेका देवलोकात जाऊन विचारतो. प्रत्येक ठिकाणचे देव त्याला वरच्या देवांकडे पाठवितात. शेवटी साक्षात महाब्रह्मा प्रकट होतो आणि आपण सर्वांचा कर्ता, स्वामी व पिता असल्याचे पुनःपुन्हा सांगतो. भिक्षू म्हणतो, तो प्रश्न नव्हता. तेव्हा ब्रह्मा त्याचा हात धरून त्याला एका बाजूस नेतो आणि कबूल करतो की, उत्तर त्यालाही ठाऊक नाही. परंतु इतर देवांसमोर तसे सांगता येत नाही! या कथेत देव नाकारलेले नाहीत. ते आहेत, पण तेही आपल्यासारखेच अपुऱ्या ज्ञानाचे, आणि आपली प्रतिष्ठा सांभाळणारे. देवांचे अस्तित्व मान्य करून त्यांचा अधिकार काढून घेण्याची ही रीत कोणत्याही खंडनग्रंथापेक्षा परिणामकारक आहे.

हे पाली वाङ्मय मराठी वाचकांच्या दारापर्यंत आणणारे पंडित गोमंतकीयच होते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. शाळेचे शिक्षण जेमतेम. परंतु ‘बालबोध’ या मराठी मासिकात आलेले बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या वाचनाने त्यांचे आयुष्य बदलले. १८९९ साली त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी त्यांची भ्रमंती ‘निवेदन’ या आत्मचरित्रात नमूद आहे. एका मासिकाच्या चार पानांतून माणसाची वाट कशी बदलते, याचे याहून बोलके उदाहरण ग्रंथालयाच्या शताब्दीत सापडणार नाही. त्यांचे चिरंजीव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ सालचा, तोही गोव्यातलाच. ते गणिती, इतिहासकार आणि कट्टर भौतिकवादी. परंतु देव नाही असे ठरवून त्यांनी देवळांकडे पाठ फिरविली नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर, तिठ्या-चव्हाट्यांवर शेंदूर फासलेल्या दगडांचा शोध घेत ते पायी हिंडले. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांनी चव्हाट्यावरच्या मातृदेवतांचा विचार केला, आणि त्याच ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकारीवरही प्रकरण लिहिले. हा देव खरा की खोटा, यापेक्षा तो येथे का, कोणाचा आणि केव्हापासून, हे प्रश्न त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

त्यांच्याही आधी, सुधारककर्ते गोपाळ गणेश आगरकर यांनी देवतांच्या उत्पत्तीचा प्रश्न मराठीत उपस्थित केला होता. स्वप्न, सावली, मृत्यू आणि मृतांची भीती यांतून भुतांची कल्पना कशी निघाली आणि भुतांतून देव कसे उन्नत झाले, याची चर्चा त्यांनी हर्बर्ट स्पेन्सरच्या विचारांचा आधार घेऊन केली. पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. पण मते बदलल्याचे कोठे आढळत नाही.

आता ही दृष्टी घेऊन आपल्या पेडणे आणि डिचोली महालांकडे वळू. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली आले. तोपर्यंत धर्मच्छळाचा मोठा भर ओसरला होता. म्हणूनच येथील देवळे आणि राने, त्यांतील सातेरी, केळबाय, रवळनाथ, भूतनाथ, वेताळ आणि देवचार आपापल्या जागी राहिले. सातेरी म्हणजे मुळात वारूळ, रोयण. जमिनीच्या पोटातून वर आलेली माती ही सुफलतेची खूण, आणि म्हणून ती माता. नास्तिकाला या पूजेत देवी दिसत नाही; परंतु भूमीवर पोट असलेल्या कष्टकऱ्याची कृतज्ञता दिसते, आणि ती खोटी नाही हे तो जाणतो.

डिचोलीतील नार्वे येथे श्रीसप्तकोटीश्वराचे देवालय आहे. मूळ स्थान मांडवीपलीकडे दिवाडी बेटावर. सोळाव्या शतकात ते मोडले गेले आणि देव नदी ओलांडून, त्या काळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या या मुलखात आला. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. तसा शिलालेख तेथे आहे. श्रद्धावान म्हणेल, देवाने स्वतःचे रक्षण करविले. नास्तिक म्हणेल, देवाला माणसांनी वाचविले. घटना एकच आहे. परंतु नास्तिकाच्या वाचनात, रात्रीच्या काळोखात जीव धोक्यात घालून होडी वल्हविणाऱ्या त्या अनाम माणसांच्या पदरात थोडे अधिक श्रेय पडते.

या इतिहासातून आणखी एक बोध होतो. देवळे मोडणारे मिशनरी नास्तिक नव्हते. सप्तकोटीश्वर देव आहे हे त्यांना अमान्य होते. पण तो सैतान आहे हे त्यांना मान्य होते. याची साक्ष भाषेत आजही आहे. कोकणीत हिंदूंच्या तोंडी ‘देवचार’ म्हणजे गावाच्या सीमेचा राखणदार. ख्रिस्ती कोकणीत त्याच शब्दाचा अर्थ सैतान. दुसऱ्याचा देव नाकारणे ही फार जुनी आणि फार आस्तिक अशी गोष्ट आहे. आपल्या संतांनीही शेंदऱ्या-हेंदऱ्या दैवतांची कमी टर उडविलेली नाही. नास्तिक या मालिकेत एकच पाऊल पुढे जातो. तो आपलाही देव नाकारतो आणि दुसऱ्याचा सैतानही.

याच भूमीने दुसरे चित्रही दाखविले आहे. सात बहिणींची कथा येथे घरोघर माहीत आहे. शिरगावची लईराई, मुळग्यावची केळबाय, मयेची महामाया, पेडणे महालातील मोरजीची मोरजाय. आणि त्यांचीच एक बहीण मिराबाय म्हापशाची मिलाग्रिस सायबीण झाली, असे लोक सांगतात. तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन जातात. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही कथा दोन्ही धर्मांना अडचणीची आहे. नास्तिकाला ती खरी वाटत नाही. परंतु जबरदस्तीने तुटलेले नाते ज्या समाजाने कथेच्या धाग्याने पुन्हा शिवले, त्या समाजाची शहाणीव मात्र त्याला खरी वाटते.

येथवर नास्तिकाचे काम सोपे आहे. कठीण भाग पुढेच आहे, आणि तो म्हणजे भीती.

पेडण्याची कोजागरीची पुनव सर्वश्रुत आहे. देवाची तरंगे निघतात, भूतनाथाचे देऊळ एका रात्रीत बांधून देण्याच्या अपुऱ्या राहिलेल्या वचनाची कथा सांगितली जाते, आणि झपाटलेली मानली गेलेली माणसे तेथे आणली जातात. भूत नाही, एवढे सांगून नास्तिकाला तेथून निघून जाता येत नाही. कारण समोर किंचाळणाऱ्या बाईचे दुःख भ्रामक नसते. तिच्या अंगात कोणी शिरलेले नाही हे म्हणणे योग्यच. पण सासर, गरिबी, मूल दगावणे, झोप न लागणे यांपैकी काय तिच्या मनात शिरले आहे, हे विचारण्याची जबाबदारी मग त्याच्यावर येते. ज्याने मांत्रिक नाकारला, त्याने डॉक्टरचा पत्ता देणे आणि सोबत जाणे क्रमप्राप्त ठरते.

पुरावा कोणी द्यावा, हा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. पिंपळावर देवचार आहे, असे एकाने सांगितले. दिसत का नाही, तर तो सर्वांना दिसत नाही. आवाज का येत नाही, तर तो मनात आले तरच बोलतो. फोटोत का उमटत नाही, तर त्याला ते आवडत नाही. अशा रीतीने प्रत्येक परीक्षेतून सुटणारा देवचार आणि मुळात नसलेला देवचार यांत फरक कसा करावा, एवढेच नास्तिक विचारतो. मात्र प्रामाणिक नास्तिक हेही कबूल करील की, अमावास्येच्या रात्री त्याच पिंपळाखालून जाताना त्याचीही पावले थोडी भरभर पडतात. बुद्धीने दिलेली रजा भीती लगेच मंजूर करीत नाही.

शिरगावच्या जत्रेचे उदाहरण घ्यावे. वैशाख शुद्ध पंचमीला हजारो धोंड व्रतस्थ राहून होमकुंडातून चालत जातात. लाकडाचा निखारा उष्णता फार हळू देतो आणि पाऊल त्यावर क्षणभरच टेकते, हे पदार्थविज्ञानाचे स्पष्टीकरण बरोबर आहे. परंतु ते पायाचे स्पष्टीकरण झाले. दिवसच्या दिवस व्रत पाळून, हातात बेत आणि गळ्यात मोगरीचे हार घेऊन, शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून चालण्यात माणसाला काय लाभते, याचे स्पष्टीकरण निखाऱ्याच्या उष्णतेत सापडत नाही. नास्तिकाने येथे थोडे नम्र व्हावे. ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन किमान सहा भाविकांना प्राणास मुकावे लागले. अशा वेळी देवी कोठे होती, असे विचारणारा मनुष्य निर्दय ठरतो; आणि ही देवीचीच इच्छा, असे म्हणणारा बेजबाबदार. वाट किती रुंद होती, उतार किती होता, गर्दी कोणी मोजली, हे विचारणे हेच त्या मृतांविषयीचे खरे कर्तव्य. हे प्रश्न विचारण्यासाठी नास्तिक असण्याची गरज नाही. पण नास्तिकाजवळ दुसरे प्रश्नच नसल्यामुळे ते टाळण्याची सोय त्याला उरत नाही.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे कार्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते स्वतः ईश्वर मानीत नसत. तरी १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका त्यांनी देवाच्या प्रश्नावर तटस्थ ठेवली आणि विरोध शोषणाला केला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात झालेल्या कायद्याने देवावरचा विश्वास गुन्हा ठरविलेला नाही. विश्वासाचा आधार घेऊन केलेली फसवणूक आणि छळ गुन्हा ठरविला आहे. भारतीय संविधानाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आस्तिकाला जसे दिले, तसेच नास्तिकालाही दिले आहे.

आपल्या देवस्थानांच्या व्यवस्थेतही या स्वातंत्र्याची एक गमतीदार वाट आहे. पोर्तुगीज राजवटीत १९३३ साली झालेल्या नियमावलीने महाजनांची नोंद कुळावरून ठरविली. श्रद्धेचा दाखला कोणी मागत नाही. त्यामुळे मनाने निरीश्वरवादी असलेला महाजन देवस्थानाचे हिशेब चोख ठेवतो, असे दृश्य अशक्य नाही. देवाच्या पैशाला देव पाहतो म्हणून हात न लावणारा आणि पैसा गावाचा म्हणून हात न लावणारा, या दोघांचे हिशेब सारखेच जुळतात.

‘कौल’ या शब्दाचा प्रवासही असाच उद्बोधक आहे. देवाला पाकळ्या लावून, उजवी पडली की डावी यावर लग्नापासून जमिनीच्या वादापर्यंत निर्णय घेण्याची आपली प्रथा. आणि १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या भवितव्याचा निर्णय झाला, त्यालाही आपण जनमत कौलच म्हटले. त्या दिवशी पाकळी मतपेटीत पडली. निकाल कोणाला रुचला, कोणाला रुचला नाही. पण त्याची जबाबदारी देवावर टाकण्याची सोय कोणालाच उरली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. देवचार नाही, राखणदार नाही, हे बुद्धीला पटले असे समजू. परंतु त्या राखणदाराच्या धाकाने शतकानुशतके काही कामे होत होती. देवाच्या राईत कुऱ्हाड शिरत नव्हती. झरीच्या उगमाशी कोणी घाण करीत नव्हते. बांधावर राखणदाराला रोट आणि सोरो ठेवण्याच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी बांधाची पाहणी होत होती. भीती खोटी असेल. राई, झर आणि बांध खरेच होते. डिचोली तालुक्यात लोहखनिजासाठी डोंगर खणले गेले, तेव्हा खणणाऱ्यांना देवचाराचे भय वाटले नाही. आणि ते सारे नास्तिक होते, असेही नव्हे. अनेकांनी नारळ वाढवूनच यंत्रे सुरू केली असतील. शिरगावच्या विहिरींचे पाणी आटल्याची गावकऱ्यांची तक्रार अखेर न्यायालयात गेली. २०१२ आणि २०१८ साली खाणी थांबल्या त्या न्यायालयाच्या आणि शासनाच्या आदेशांनी. तालुक्यात खाणकाम २०२४ पासून पुन्हा सुरू झाले आहे, म्हणजे प्रश्न मिटलेला नाही.

यातून दोघांनाही धडा आहे. श्रद्धावानाला असा की, राखणदारावर भार टाकून निजल्याने डोंगर वाचत नाही. नास्तिकाला असा की, राखणदार नाही एवढे सिद्ध केल्याने त्याचे काम संपत नाही. उलट सुरू होते. पहारेकरी नाही हे ज्याने गावाला सांगितले, त्या रात्री जागण्याची पहिली पाळी त्याचीच.

म्हणून, नास्तिक काय मानतो या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: मानवापलीकडे निसर्गाचे नियम आहेत, ते कोणाची प्रार्थना ऐकत नाहीत आणि कोणावर रागही धरीत नाहीत. देवांच्या कथा माणसांनी रचल्या, म्हणून त्या माणसांविषयी खूप काही सांगतात. आणि जी राखण आजवर दुसऱ्या कोणावर सोपविली होती, ती आपली आपणच करावयाची आहे.

शेवटी पुन्हा वाचनालयाकडे. ज्या रोयणीला आपण सातेरी म्हणून नमस्कार करतो, ती बांधणारी वाळवीच ग्रंथांची सर्वांत मोठी वैरीण आहे. शंभर पावसाळे या भागातील ओल, बुरशी आणि वाळवी यांच्या तडाख्यातून ही पुस्तके वाचली, ती कोणा अदृश्य राखणदारामुळे नव्हे. दर वर्षी कपाटे रिकामी करणारे, पुस्तके उन्हात घालणारे, कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या ठेवणारे, फाटलेली पाने खळीने चिकटविणारे हात येथे होते. त्यांतले काही हात सकाळी देवपूजा करून आलेले असतील, काही नसतील. पुस्तकांना तो फरक कधी कळला नाही. पुढील शंभर वर्षांची राखण याच पद्धतीने व्हावी.